नीट पुन्हा दिली आणि मार्क कमी आले: आता एमबीबीएसची संधी किती?

हिंगोली जिल्ह्यातल्या एका वडिलांनी २०२५ च्या निकालानंतर विचारलंय. शेतकरी कुटुंब, प्रवर्ग ओबीसी. मुलीला २०२४ च्या नीटला ६०४ मार्क होते, रँक ७६ हजारांच्या घरात. सरकारी कॉलेज लागलं नाही. खासगी परवडणार नाही म्हणून त्यांनी खासगीची एकही पसंती भरली नाही. मुलीला वर्षभर लातूरला ठेवलं आणि पुन्हा परीक्षा दिली. २०२५ ला ४९८ आले, रँक ५३ हजारांच्या पुढे. त्यांचे प्रश्न असे: १०६ मार्क कमी झाले, आता काही आशा आहे का? मागच्या वर्षीचे ६०४ धरता येतील का? दुसऱ्या वेळी मार्क घसरलेले बघून कॉलेज नाकारेल का? तिसऱ्यांदा बसवू का?

भाऊ, तुमच्या प्रश्नातच एक गोष्ट लिहिलेली आहे आणि ती तुमच्या नजरेतून सुटली आहे. मार्क १०६ ने कमी झाले, पण रँक ७६ हजारांवरून ५३ हजारांवर आली. तुमची मुलगी मागच्या वर्षीपेक्षा वीस-बावीस हजार मुलांच्या पुढे गेली आहे. घरात गेले तीन आठवडे जे वातावरण असेल ते मी समजू शकतो. लातूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात माझ्या उमेदीची वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतरही दर जून-जुलैला मुलं आणि पालक माझ्याकडे फॉर्म घेऊन येतात. या वर्षी आलेल्या रिपीटरांपैकी, म्हणजे पुन्हा परीक्षा देणाऱ्यांपैकी, बहुतेकांची तक्रार तुमच्यासारखीच आहे: ‘सर, मार्क पडले.’ मी आधी स्कोअरकार्ड मागतो आणि दोन्ही वर्षांची रँक शेजारी शेजारी लिहायला लावतो. काहींची रँक खरंच घसरलेली असते. पण या वर्षी कितीतरी मुलांची रँक सुधारली आहे आणि घरात मात्र सुतक आहे.

हे कसं झालं ते नीट समजून घ्या, म्हणजे शेजारीपाजाऱ्यांना काय सांगायचं हा प्रश्नही सुटेल. २०२४ चं वर्ष विचित्र होतं. अभ्यासक्रम कमी केलेला होता. २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे होते, त्यासाठी २०० मिनिटं होती आणि प्रत्येक विषयात थोडी निवड करायची मुभा होती. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ७२० पैकी ७२० मिळवणारी ६७ मुलं निघाली. मग वाढीव मार्कांचा वाद, १५६३ मुलांना फेरपरीक्षेचा पर्याय, सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावण्या, आणि २६ जुलैला सुधारित निकाल. सुधारित निकालातही पैकीच्या पैकी १७ जण होते. त्या वर्षी ६५० च्या वर सुमारे तीस हजार आणि ६०० च्या वर सुमारे ऐंशी हजार मुलं होती. तुमची मुलगी ६०४ घेऊन त्या ऐंशी हजारांच्या शेवटच्या टोकाला उभी होती.

२०२५ ला निवड गेली, १८० प्रश्न आणि १८० मिनिटं असा जुना साचा परत आला, आणि भौतिकशास्त्राने भल्याभल्यांना घाम फोडला. देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मार्क आहेत. ६५० च्या वर फक्त ७३ जण आहेत. ६०१ ते ६५० या पट्ट्यात १२५९. म्हणजे ज्या सहाशेला २०२४ मध्ये ऐंशी हजारावी रँक मिळायची, त्याच सहाशेला या वर्षी तेराशेच्या आसपासची रँक आहे. नुसतं पात्र ठरण्यासाठी खुल्या गटाला लागणारे मार्कसुद्धा १६२ वरून १४४ वर आले. या दोन वर्षांचे मार्क एकमेकांतून वजा करणं म्हणजे एका वर्षीचा कापसाचा भाव दुसऱ्या वर्षीच्या सोयाबीनच्या भावातून वजा करण्यासारखं आहे. तुलना करायचीच असेल तर पर्सेंटाईलची करा, म्हणजे दर शंभरांत किती मुलं आपल्या मागे आहेत त्याची. तो स्कोअरकार्डवर छापलेला असतो. २०२४ ला साधारण तेवीस लाख तेहतीस हजार मुलं बसली, २०२५ ला बावीस लाख नऊ हजार. त्यावरून तुमच्या मुलीचा पर्सेंटाईल ९६.७ च्या आसपासवरून ९७.५ च्या वर गेलेला दिसेल. स्कोअरकार्ड काढून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि तिलाही दाखवा.

आता मागच्या वर्षीच्या ६०४ बद्दल. ते धरता येणार नाहीत. भारतात एमबीबीएसच्या प्रवेशासाठी त्या त्या वर्षीचीच नीट चालते. दोन्हींपैकी चांगले मार्क निवडायची सोय नाही, सरासरीही काढत नाहीत. तुमच्या बाबतीत ते न चालणं फायद्याचंच आहे, कारण ७६ हजारांपेक्षा ५३ हजार बरे. जुना निकाल फक्त परदेशात एमबीबीएस करायचं असेल तर उपयोगी पडतो. त्यासाठी नीट पात्रता तीन वर्षं धरली जाते. परदेशाबद्दल पुढे बोलतो.

कॉलेज नाकारेल का, ही भीती कुठून आली असेल याचा मला अंदाज आहे. अमेरिकेत असलेले नातेवाईक असं सांगतात, आणि तिकडच्यापुरतं ते खोटंही नाही. तिकडे मेडिकलसाठी एमकॅट नावाची परीक्षा असते. ती वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते, आणि दिलेल्या सगळ्या वेळांचे मार्क कॉलेजसमोर जातात. मग मुलाखतीत विचारतात की दुसऱ्यांदा कमी का आले. आपल्याकडे एमबीबीएसच्या प्रवेशात मुलाखत नाही, निबंध नाही, शिफारस नाही. कॉलेजला मुलगी निवडायचा अधिकारच नाही. राज्याच्या सीईटी सेलचा (राज्यातले प्रवेश बघणारा कक्ष) किंवा दिल्लीच्या एमसीसीचा (देशपातळीवरचे मेडिकल प्रवेश बघणारी समिती) संगणक रँक, प्रवर्ग आणि तुमची पसंती बघून जागा वाटतो. ही कितवी परीक्षा आहे हे कुणी बघत नाही. किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही, आणि वयाची वरची अटही काढलेली आहे. कागदपत्रांत फक्त गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. बारावीनंतरचं वर्ष कुठे गेलं एवढंच त्यात लिहायचं असतं. बारावीचे मार्कही रँकमध्ये धरत नाहीत. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के, तुम्हाला ४० टक्के असले की पात्रता झाली.

मग ५३ हजार रँकला काय मिळेल?

देशपातळीवरच्या १५ टक्के कोट्यात सरकारी एमबीबीएसची आशा ठेवू नका. तो कोटा एवढ्या खाली येत नाही. नोंदणी करायला हरकत नाही, पण जीव राज्याच्या ८५ टक्क्यांत टाका. २०२४ ची सीईटी सेलची निवड यादी उघडा. ती पीडीएफ असते. त्यात जागा मिळालेल्या प्रत्येक मुलाची अखिल भारतीय रँक, प्रवर्ग आणि कॉलेज असतं. मार्कांचा विचार सोडा आणि फक्त आपल्या प्रवर्गातली शेवटची रँक वाचा. ढोबळमानाने बोलायचं तर मागच्या वर्षी खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाच्या सरकारी जागा चाळीस हजारांच्या आसपास रँकला संपत आल्या होत्या, आणि खासगी कॉलेजांच्या कॅपमधल्या, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांतून भरायच्या, जागा लाखाच्या पलीकडे गेल्या होत्या. म्हणजे सरकारी काठावरून थोडं बाहेर आहे. शेवटच्या फेऱ्यांत काही सांगता येत नाही, पण त्या भरवशावर राहू नका. खासगीच्या कॅपमधल्या जागेत मात्र तुमची मुलगी बसते. रँक अशीच असेल आणि फॉर्म नीट भरला तर तिला या वर्षी महाराष्ट्रात एमबीबीएसला प्रवेश मिळेल, असं माझं मत आहे आणि मी ते जबाबदारीने सांगतोय.

इथेच मागच्या वर्षी तुमची चूक झाली. रागावून सांगत नाही, कारण ही चूक त्या वर्षी शेकडो घरांत झाली. ७६ हजार रँकलाही खासगीच्या यादीत तिला जागा होती. तुम्ही फीचा आकडा ऐकला आणि पसंती भरलीच नाही. पण ८ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारचा शासन निर्णय आला. कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के सरकार भरतं. त्याआधी निम्मं भरायचं. हा निर्णय मेडिकललाही आहे आणि खासगी विनाअनुदानित कॉलेजांनाही आहे. अभिमत विद्यापीठांना तो लागू नाही, संस्थेच्या किंवा व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेलाही नाही. म्हणजे वर्षाला सात-आठ लाखांपासून बारा-पंधरा लाखांपर्यंत जी फी ऐकून तुम्ही मागे फिरलात, तिचा मोठा भाग तुमच्या लेकीच्या बाबतीत सरकारकडून येणार होता. बातम्या आल्या, पण त्या वेळी सगळ्यांचं लक्ष नीटच्या घोटाळ्याकडे होतं.

आता यातली खरी अडचणही सांगतो, नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल की सरांनी अर्धीच गोष्ट सांगितली. शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटी या सरकारी पोर्टलमधून उशिरा येतात. म्हणून काही कॉलेजं प्रवेशाच्या दिवशी पूर्ण फी मागतात. मागच्या ऑगस्टमध्ये माझ्याकडच्या एका मुलीच्या वडिलांना एका खासगी कॉलेजने काउंटरवरूनच परत पाठवलं, आधी सगळे पैसे भरा म्हणाले. प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. आम्ही शासन निर्णयाची छापील प्रत, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि कॅपचं वाटपपत्र घेऊन पुन्हा गेलो, लेखी नकार द्या म्हटलं, आणि सीईटी सेलकडे ईमेल केला. त्याच संध्याकाळी प्रवेश झाला. त्या माणसाने आदल्या रात्री गावात जमिनीचा सौदा बोलून ठेवला होता. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. म्हणून शासन निर्णयाची प्रत आजच छापून फाईलमध्ये ठेवा. शिवाय वसतिगृह, मेस, पुस्तकं, अनामत रक्कम आणि विकास शुल्कासारखी जादा शुल्कं तुमच्याच खिशातून जातील. वर्षाला दीड-दोन लाखांची तयारी ठेवा. हा आकडा कॉलेजप्रमाणे बदलतो. पसंती भरायच्या आधी कॉलेजच्या कार्यालयात फोन करून शिक्षण शुल्क सोडून काय काय भरायचं हे लिहून घ्या.

पसंतीचा फॉर्म हा माझ्या मते परीक्षेइतकाच महत्त्वाचा कागद आहे आणि तो लोक सायबर कॅफेवाल्याच्या हातात देऊन मोकळे होतात. तसं करू नका. संगणक वरून खाली वाचत येतो आणि तुमच्या रँकला जी पहिली जागा मोकळी दिसते ती देतो. खाली खासगी कॉलेज लिहिलं म्हणून वरचं सरकारी हुकत नाही. हा गैरसमज मी दरवर्षी दहा घरांत तरी खोडतो. त्यामुळे आधी राज्यातली सगळी सरकारी कॉलेजं लिहा. रँक पोचत नाही असं वाटलं तरी लिहा. २०२४ मध्ये दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, त्यात हिंगोली, वाशीम, जालना, बुलढाणा, गडचिरोली, भंडारा, अमरावती, अंबरनाथ, नाशिक आणि मुंबईचं एक आहे. नऊशे जागा त्यामुळे वाढल्या. नव्या कॉलेजात प्राध्यापक कमी, इमारत अर्धवट, असं लोक म्हणतात आणि काही ठिकाणी ते खरंही आहे. पण रुग्ण मात्र जिल्हा रुग्णालयातले खरे असतात. हात तयार व्हायला रुग्ण लागतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ कॉलेज १९७०च्या दशकात सुरू झालं तेव्हा लोक असंच बोलायचे, आणि आज मराठवाड्यातले कितीतरी चांगले डॉक्टर तिथून शिकलेले आहेत. सरकारीनंतर खासगी लिहा. तिथे क्रम लावताना कॉलेजच्या रुग्णालयात रोज किती रुग्ण येतात हे आधी बघा, इमारत नंतर.

पहिल्या फेरीत मिळालेली जागा घ्यायची की पुढच्या फेरीची वाट बघायची? मिळालेल्या जागेवर प्रवेश घ्या आणि वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत नाव ठेवा. स्टेटस रिटेन्शन फॉर्म मात्र विचार करून भरा. तो भरला की तुम्ही पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडता. ‘हेच कॉलेज पक्कं, दुसरं नको’ असं असेल तरच तो भरायचा. गेल्या पाच-सहा वर्षांत मी किमान चार घरं बघितली जिथे कॉलेजातल्या कारकुनाने पुढे केलेल्या कागदावर घाईत सही केली आणि तिसऱ्या फेरीत मिळणारी सरकारी जागा गेली. आणि उलटंही होतं: शेवटच्या फेऱ्यांत मिळालेली जागा न घेतल्यास अनामत जप्त होते, एमसीसीच्या शेवटच्या फेरीत तर पुढच्या नीटला बसण्यावरही बंदी येऊ शकते. त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांत खरंच जाणार असाल तेवढीच कॉलेजं लिहा.

गावातले डॉक्टर किंवा मोठा भाऊ जे सांगतात त्यावर फार जाऊ नका. त्यांचा हिशेब वेगळ्या काळातला आहे. सप्टेंबर २०२० पर्यंत आपल्याकडे ७०:३० चा नियम होता. त्या त्या विभागातल्या मुलांना ७० टक्के जागा, बाहेरच्यांना ३०. मराठवाड्यात कॉलेजं कमी आणि मुलं जास्त, त्यामुळे आपल्या मुलांना जास्त मार्क असूनही विदर्भातल्या किंवा मुंबईतल्या जागा मिळत नसत. तो नियम गेला आणि सगळं राज्य एक झालं. २०१८ ला डॉक्टर झालेल्याचा अनुभव या बाबतीत तुमच्या कामाचा नाही. मुलींच्या ३० टक्के आरक्षणाबद्दलही लोक फार आशा लावतात. ते आहे, पण आता गुणवत्तेवरच एवढ्या मुली येतात की त्याने फारसा फरक पडत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाबतीत लागू नाही, तरी हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. मुलीने दहावी-बारावी महाराष्ट्रातच केली आणि नीटसाठी लातूरला राहिली, हे चांगलं झालं. जी मुलं राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला जाऊन बारावीचा प्रवेशही तिथल्याच शाळेत घेतात, त्यांना महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत अडचण येते, कारण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी असते. एका मुलाची रँक १९ हजार होती आणि तो आमच्या यादीत नव्हता. त्याच्या आईने मला तीन वेळा विचारलं, ‘सर, डोमिसाईल तर आहे ना?’ डोमिसाईल होतं. बारावी इथली नव्हती.

आता तिसऱ्यांदा बसवायचं का. तुमच्या मुलीच्या बाबतीत माझं उत्तर आहे, नाही. जागा मिळत असताना सरकारीच्या हट्टापायी एक वर्ष घालवणं मला पटत नाही. पुढच्या वर्षी पेपर कसा येईल हे कुणाला माहीत नाही. २०२४ ने आणि २०२५ ने तेच दाखवलं. फीमाफी मिळत असेल तर सरकारी आणि खासगीतला पैशाचा फरक बराच कमी होतो. राहिलं शिक्षण, तर त्यासाठी एक वर्ष मागे राहणं महाग आहे. तिला स्वतःला विचारा मात्र. तुम्ही नाही, तिने ठरवू द्या. वर्षभर सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत ती बसली आहे, आणि निकालाच्या दिवशी ‘मागच्यापेक्षाही कमी’ हे शब्द तिने घरातच ऐकले असतील.

ज्यांची रँक खरोखर घसरली आहे, म्हणजे २०२४ ला ६० हजार होती आणि २०२५ ला सव्वा लाख झाली, त्यांच्यासाठी माझं बोलणं वेगळं आहे. अशा मुलांना मी आधी ओएमआर (गोळे रंगवलेली उत्तरपत्रिका) आणि उत्तरतालिका घेऊन बसायला लावतो. उदाहरण तुमच्या ४९८ चंच घेऊ. समजा १३३ बरोबर, ३४ चूक, १३ सोडलेले: १३३ गुणिले ४ म्हणजे ५३२, त्यातून ३४ गेले, ४९८ राहिले. त्या ३४ चुकांसमोर मुलाने स्वतःच्या हाताने लिहायचं: आलं नाही म्हणून चुकलं, येत होतं पण गणित चुकलं, की दोन पर्यायांत अडकून चुकीचा मारला. डोळे मिटून मारलेल्या तुक्क्याने सरासरी तोटा होत नाही, चारांत एक लागला तर चार मिळतात आणि तीन जातात. तोटा होतो तो अर्धवट माहितीवर ठाम होऊन फसव्या पर्यायावर बोट ठेवल्याने. रिपीटरांत हे प्रमाण जास्त असतं, कारण वर्षभर त्याच त्या टेस्ट सिरीज सोडवून त्यांना प्रश्नाची सुरुवात ओळखीची वाटते आणि ते शेवटपर्यंत वाचत नाहीत. २०२५ च्या भौतिकमध्ये हेच झालं. सूत्र पाठ होतं, प्रश्न नवा होता.

चुकांत ‘येत होतं’ या रकान्यात पंधरा-वीस प्रश्न असतील, मुलाला अजून इच्छा असेल, आणि घरची परिस्थिती साथ देत असेल, तर एक वर्ष अजून देण्यात अर्थ आहे. बहुतेक चुका ‘आलं नाही’ याच रकान्यात असतील आणि दोन्ही वर्षं त्याच धड्यांतल्या असतील, तर तिसऱ्या वर्षाने काही बदलताना मी क्वचितच पाहिलं. इथे मला एक मुलगा आठवतो. २०२२ ला त्याची रँक घसरली होती, नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात त्याला जागा मिळत होती आणि त्याला ती घ्यायची होती. मीच म्हटलं, अजून एकदा दे, तू एमबीबीएसचा मुलगा आहेस. त्याने दिली. पुढच्या वर्षी रँक अजून खाली गेली आणि नांदेडची जागाही गेली. आज तो दुसरीकडे बीएएमएस करतोय, भरपूर फी भरून. दोष माझा होता. तेव्हापासून मुलाच्या तोंडून त्याला काय हवंय हे ऐकल्याशिवाय मी तिसऱ्या प्रयत्नाबद्दल मत देत नाही.

बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी यांना ‘काही नाही तर ते’ असं म्हणू नका. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, त्यांचे प्रवेशही नीटच्या रँकवर होतात, आणि शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना ते काम आवडतं हे मी बघितलंय. नर्सिंगला वेगळी सीईटी आहे, तिचा फॉर्म आधीच भरावा लागतो. फक्त प्रवेश घेण्याआधी मुलाला त्या क्षेत्रातल्या एखाद्या माणसाबरोबर आठ दिवस बसवा. दवाखान्यात, गोठ्यात, जिथे असेल तिथे.

परदेशाचं थोडक्यात. तुमच्या रँकला त्याची गरज नाही. पण एजंटांचे फोन सुरू झाले असतील, आणि ‘मुलीचे मार्क कमी झाले’ हे ऐकूनच ते येतात. २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, तिथेच एक वर्ष इंटर्नशिप, त्या देशात डॉक्टरी करायचा परवाना मिळण्याची पात्रता, आणि भारतात परत येऊन पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप, एवढं सगळं लागतं. शिवाय परदेशात शिकून आलेल्यांसाठीच्या एफएमजीई परीक्षेत ३०० पैकी १५० आणावे लागतात, आणि तिथे पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे कितीतरी जास्त असतात. जो एजंट हे सगळं लेखी देत नाही त्याच्याकडे कागदपत्रं ठेवू नका. दहावीचं मूळ प्रमाणपत्र तर अजिबात नाही. मूळ कागद अडकवून ठेवल्यामुळे इथला कॅपचा प्रवेश हुकलेली एक मुलगी मला माहीत आहे.

कागदांचं शेवटचं आणि सगळ्यात घाईचं. जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे ना ते बघा. वैधता नसेल तर जागा प्रवर्गातून मिळाली तरी टिकत नाही. मागच्या वर्षीचं नॉन-क्रीमीलेअर चालणार नाही. २०२५ च्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं लागतं, आणि ते उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून येतं. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधी लागतो, फीमाफीलाही तोच लागतो. जुलैत सेतूवर रांगा असतात आणि सर्व्हर बंद पडतो. सोमवारची वाट बघू नका, उद्या सकाळी मुलीला घेऊन सेतूत जा, अर्ज करा आणि पावती जपून ठेवा. फॉर्म भरायची तारीख आली आणि प्रमाणपत्र आलेलं नसलं, तर त्या पावतीचा काय उपयोग होतो हे माहिती पुस्तिकेत तपासा, आणि पसंतीची यादी लिहून झाली की मला पाठवा, मी क्रम बघून देतो.